शोपँच्या नॉक्टर्नमध्ये लय किती ओढायची?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत बसणार नाही. तुम्ही मोठेपणी पियानो शिकायला लागलात, घरी डिजिटल पियानो आहे आणि सध्या शोपँ या पोलिश संगीतकाराचं ई-फ्लॅट मेजर नॉक्टर्न (गाण्यासारखा संथ पियानोचा तुकडा), ओपस ९ क्रमांक २, बसवताय. नोट्स बसल्या आहेत. मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टकटक करणारं यंत्र) लावून वाजवलं की टाइपरायटर बडवल्यासारखं वाटतं. मेट्रोनोम बंद केला की बाई म्हणतात, लय सुटली. मोठमोठ्या पियानोवादकांची रेकॉर्डिंग्ज ऐकलीत तर एकही जण सरळ लयीत वाजवत नाही, आणि त्यांना मात्र सगळे वाहवा करतात. मग विद्यार्थ्याला किती सूट असते आणि ती ठरवतं कोण?

प्रश्न रास्त आहे. पण या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत, आणि तुम्ही दोन्हींवर एकच औषध शोधताय. मेट्रोनोमबरोबर वाजवताना तुकडा निर्जीव वाटतो, कारण उजव्या हातातल्या गाण्याला अजून आकार आलेला नाही: कुठला स्वर जड, कुठला हलका, श्वास कुठे, हे ठरलेलं नाही. मेट्रोनोमशिवाय तो सैल पडतो, कारण डाव्या हाताला स्वतःची लय नाही, तो उजव्याच्या मागे फरफटत जातो. ‘थोडी कडक, थोडी सैल’ असा मधला मार्ग काढलात तर दोन्ही दुखणी अर्धी अर्धी तशीच राहतील. म्हणून ‘किती’चं उत्तर आत्ता देत नाही. आधी डावा हात.

त्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी, की यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. बाखच्या एखाद्या इन्व्हेन्शनमध्ये अशी ओढाताण केलीत तर दोन आवाजांचं विणकामच उसवतं. तिथे स्वातंत्र्य असतं ते स्पर्शात, स्वर तोडण्या-जोडण्यात आणि शेवटाआधीच्या एखाद्या श्वासात. दब्युसीच्या ‘क्लेअर द ल्यून’मध्ये पहिलं पान संपता संपता ‘टेम्पो रुबाटो’, म्हणजे लय ओढून-सोडून वाजवा, असं खुद्द संगीतकारानेच लिहून ठेवलंय. व्हायोलिन किंवा गायकाची साथ करत असाल तर सगळा हिशेबच वेगळा. तुमचं शिक्षण किती झालंय यावरही अवलंबून आहे. पुढचं सगळं या नॉक्टर्नपुरतं आणि या जातीच्या तुकड्यांपुरतं धरा.

रुबाटो या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एका प्रकारात डावा हात लयीत राहतो आणि उजव्या हातातली सुरावट त्याच्या किंचित मागे-पुढे होते. दुसऱ्यात दोन्ही हात, म्हणजे सगळं संगीतच, एकत्र ताणतं आणि सैल होतं. हल्ली आपण बहुतेक दुसराच प्रकार ऐकतो आणि त्यालाच रुबाटो समजतो. शोपँच्या आसपासची माणसं मात्र पहिल्याबद्दल वारंवार बोलतात. त्याचा शिष्य कार्ल मिकुली याने आपल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवलंय की शोपँच्या पियानोवरून मेट्रोनोम कधी हलत नसे. विल्हेल्म फॉन लेन्त्स या दुसऱ्या शिष्याच्या आठवणींत शोपँ डाव्या हाताला वाद्यवृंदाच्या संचालकाची जागा देतो: त्याने डगमगायचं नाही, उजव्याने हवं ते करावं. हे शोपँचं एकट्याचं खूळ नव्हतं. ऑक्टोबर १७७७ मध्ये मोझार्टने आउग्सबुर्गहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात हेच येतं. अडाजिओमध्ये (संथ तुकड्यात) आपण रुबाटो करतो तेव्हा डाव्या हाताला त्याचा पत्ताच नसतो, हे इथल्या लोकांच्या डोक्यातच शिरत नाही, त्यांचा डावा हात उजव्याबरोबर वाहवत जातो, असं तो लिहितो. तुमच्या बाईंची तक्रार अडीचशे वर्षं जुनी आहे.

आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला हे समजणं खरं तर सोपं जायला हवं. ख्याल रंगात आला की तबल्याचा ठेका आपल्या चालीने चाललेला असतो. गाणारा मात्रेच्या पुढे जातो, मागे रेंगाळतो, बोल लांबवतो आणि समेवर येऊन बरोबर भेटतो. गाणाऱ्याबरोबर तबलजीही रेंगाळायला लागला तर बैठकीतला माणूस कपाळाला हात लावेल. तुमच्या नॉक्टर्नमध्ये हा ठेका डाव्या हातात आहे. फरक इतकाच की इथे गाणारा आणि तबलजी एकाच माणसाच्या दोन हातांत बसलेत आणि दोघांना एकच डोकं आहे, म्हणून हे अवघड.

याचा अर्थ दुसरा प्रकार चुकीचा असा नाही. याच नॉक्टर्नच्या मधल्या भागात थोडं रेंगाळण्याची सूचना आहे आणि लगोलग ‘आ टेम्पो’, म्हणजे पुन्हा मूळ चालीत. तिथे दोन्ही हात मिळूनच रेंगाळायचे आहेत. (पहिली सूचना सगळे पाळतात, दुसरी फार थोडे.) घेतलेला वेळ पुढे परत करायलाच हवा का, यावरही जुना वाद आहे. पोलिश पियानोवादक पाडेरेव्स्कीने रुबाटोवरच्या निबंधात ही परतफेडीची कल्पना साफ नाकारली होती: गेलेला वेळ गेला, तो परत मिळवायलाच हवा असं काही नाही. मैफलीत वाजवणारा म्हणून त्याचं म्हणणं मला पटतं. बारच्या बारमध्ये (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला ठोक्यांचा गट) पै-पैचा हिशेब चुकता करणारं वादन मी ऐकलंय, ते वहीखात्यासारखंच लागतं. पण शिकवताना मी क्रम उलटू देत नाही. ज्याचा डावा हात एकटा चालू शकतो त्याने पाडेरेव्स्कीचं ऐकावं. बाकीच्यांनी मोझार्टचं.

आता थोडं गणित. शोपँने या नॉक्टर्नला ‘आंदान्ते’ (सावकाश चालीत) लिहिलंय आणि आकडा दिलाय: क्वेव्हर १३२, म्हणजे ठोक्याचे जे छोटे भाग मोजायचे ते मिनिटाला १३२. माप १२/८ चं, म्हणजे तीन-तीन क्वेव्हरचे चार ठोके. मोठा ठोका धरला तर मिनिटाला ४४. एक बार साधारण साडेपाच सेकंदांचा झाला. सगळा तुकडा ३४ बारांचा, पुनरावृत्तीची खूण नाही. म्हणजे अगदी सरळ वाजवलं तर तीन मिनिटांच्या जरासं पुढे संपेल. तुम्ही ऐकलेली रेकॉर्डिंग्ज काढून वेळ बघा, बहुतेक चार मिनिटांच्या पुढची निघतील. शेवटची कॅडेन्झा (ठेका सोडून मोकळा वाजवायचा भाग) आणि थांबे वजा केले तरी मूळ चालच बरीच संथ घेतलेली असते आणि वर ताणलेली असते. संथ चालीवर ताण देणं हे मुरलेल्या हाताचं काम आहे. आपण तसं करायला गेलो की तीन क्वेव्हरचा झोका मोडतो, प्रत्येक क्वेव्हर सुटा ठोका होऊन बसतो आणि बाराच्या बारा पावलं मोजत चालल्यासारखं होतं. म्हणून माझा सल्ला बहुतेकांना उलटा वाटतो: मोकळं वाजवायचं असेल तर चाल जराशी वाढवा. मोठा ठोका ३८ ते ४० वर ठेवा, ३० वर नको.

टाइपरायटरचं कारणही इथेच कुठेतरी आहे. तुम्ही मेट्रोनोम क्वेव्हरवर लावत असणार. बारात बारा टकटक झाल्यावर गाणं सुचणार कुठून? मोठ्या ठोक्यावर लावा. चावीचे जुने मेट्रोनोम ४० पासून सुरू होतात, तेवढं पुरतं. हे जमलं की फोनवरच्या ॲपमध्ये २० लावा, म्हणजे अर्ध्या बाराला एक टक. दोन टकांमधला वेळ तुमचा. तिथे लय आत असल्याशिवाय चालतच नाही, आणि ती आत आहे की बाहेरच्या टकटकीवर टेकलीये हे पहिल्या चार बारांत कळतं.

डाव्या हाताचं काम जरा बारकाईने बघू. प्रत्येक ठोक्यात खाली एक बेस नोट आणि वर दोन कॉर्ड. बेसकडून पहिल्या कॉर्डकडे जाताना हात उडी मारतो आणि बहुतेकांची लय याच उडीत सांडते. उडी लांब असेल तिथे कॉर्ड उशिरा पडते, जवळ असेल तिथे लवकर. वाजवणाऱ्याला वाटतं आपण भावपूर्ण वाजवतोय. खरं तर अंतर लयीवर राज्य करत असतं. त्यामुळे डावा हात एकटा घ्या, सुरुवातीला पेडलशिवाय. बेस नोट वाजली की लगेच हात पुढच्या कॉर्डवर नेऊन पट्ट्यांवर टेकवा, मग वाट बघा, मग वाजवा. लवकर पोचायचं, वेळेवर वाजवायचं. दोन कॉर्डपैकी दुसरी पहिलीपेक्षा हलकी ठेवा. ती जड झाली की ठोका लंगडतो. हे बसलं की पेडल आणा, बेसबरोबर बदलत. पाय उशिरा उचलला तर आधीचा बेस नव्यात मिसळतो आणि खाली जायला उशीर झाला तर नवा बेस सापडतच नाही. मग हात नकळत पायासाठी थांबतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही रुबाटो केलात.

तुमच्याकडे डिजिटल पियानो आहे याचा इथे मोठा फायदा आहे आणि तो कुणी घेत नाही. बहुतेक डिजिटल पियानोंमध्ये दोन हात वेगळे रेकॉर्ड करायची सोय असते. नसेल तर फोन आणि स्पीकर चालेल. पहिले आठ बार फक्त डावा हात रेकॉर्ड करा, सरळ पण मेलेला नको: बेसला वजन, कॉर्ड मऊ. मग तो लावून त्यावर उजवा हात वाजवा. आता डावा तुमचं ऐकणार नाही. तुम्ही लांबलात तर तो निघून जाईल. पहिल्यांदा धडपडाल, मग हळूहळू एक विलक्षण गोष्ट घडते: उजवा हात चिडून सरळ व्हायचं सोडतो आणि डाव्याच्या अंगाखांद्यावर खेळायला लागतो. एक स्वर किंचित उशिरा टाकायचा, पुढचे दोन हलकेच पुढे सरकवायचे आणि बेसवर येऊन मिळायचं. पहिल्या प्रकारचा रुबाटो शब्दांत सांगून मला कुणालाही नीट शिकवता आलेला नाही. या युक्तीने तो हाताला कळतो.

उजव्या हाताने वेळ घ्यायचा तो कुठे? इथे मी गळ्याकडे बघतो, कारण शोपँही तिकडेच बघत असे. इटालियन ऑपेरातले गायक त्याला फार प्रिय होते, शिष्यांनी त्यांना ऐकावं असा त्याचा आग्रह असे. दुसऱ्या बारमध्ये सुरावट सी वरून एकदम वरच्या सी वर जाते, पूर्ण सप्तक. पियानोवर ती उडी फुकट मिळते, बोट उचललं की झालं. ती गाऊन बघा. गळ्याला तिथे जायला थोडा वेळ लागतो, थोडा दम लागतो. तेवढाच वेळ वाजवताना घ्या. गाता येत नसेल तर गुणगुणा, सूर बरा नसला तरी चालेल, दारं लावून घ्या. गळा जिथे आपोआप रेंगाळतो तिथे वेळ न्याय्य असतो. बोटं जिथे रेंगाळतात तिथे बहुधा बोटांचं काम बाकी असतं.

सुरावट परत येते तेव्हा लहान अक्षरात छापलेल्या नोट्सचे झुपके येतात. ते बघून लोक घाबरतात आणि प्रत्येक झुपक्याच्या शेवटी ब्रेक लावतात. क्लेचिन्स्की या पोलिश लेखकाने शोपँच्या शिष्यांकडून जे गोळा केलं त्यात उलट सांगितलंय: अशा अलंकारांच्या शेवटी रेंगाळू नये, उलट शेवटाकडे वेग घ्यावा, नाहीतर त्यांना नको तितकं महत्त्व येतं. हे करून बघा, झुपका लगेच हलका होतो. सगळ्या नोट्स सारख्या अंतरावर बसवायचाही हट्ट नको. किती नोट्स कुठल्या कॉर्डवर येतात ते आधी पेन्सिलने ठरवा, मग विसरा.

शेवटाकडची कॅडेन्झा वेगळी. तिथे ‘सेन्झा टेम्पो’ (लयीविना) लिहिलंय, डावा हात थांबलेला आहे, म्हणजे ठेकाच नाही. तिथे तुम्हाला सगळी मोकळीक आहे. आधीची तीन-साडेतीन मिनिटं लय शाबूत असेल तरच तिथली मोकळीक जाणवते. सुरुवातीपासूनच सगळं ‘सेन्झा टेम्पो’ वाजलं असेल तर ऐकणाऱ्याला काही फरकच कळत नाही.

ज्या सवयी रुबाटोच्या नावाने खपतात त्यांतल्या दोन तुमच्यात असण्याची शक्यता आहे. पहिली, प्रत्येक बारच्या शेवटी हळू होणं. बाररेघ दिसली की गाडी मंदावते. फ्रेज, म्हणजे गाण्याची एक ओळ, मात्र चार बारांची आहे, तिला मध्ये तीन गतिरोधक नको आहेत. दुसरी, प्रत्येक ठोक्यावर डावा आधी आणि उजवा मागाहून. जुन्या पिढीचे वादक असं करायचे, पाडेरेव्स्की तर भरपूर, आणि एखाद्या ठिकाणी ते फार सुंदर लागतं. सवयीने दर ठोक्याला केलं की नुसती उचकी. डोळे मिटून मान डोलावणं यांत मोजत नाही, त्याने ऐकणाऱ्याचं काही बिघडत नाही.

स्वतःला तपासायची माझी पद्धत साधी आहे. पूर्ण तुकडा फोनवर रेकॉर्ड करा आणि दोन दिवसांनी ऐका, वाजवल्या वाजवल्या नको. ऐकताना मांडीवर मोठा ठोका धरा. वादन हळू झालं तरी तुमचा हात त्याच्याबरोबर हळू होत नेमक्या जागी पडला, तर ते रेंगाळणं चांगलं: पुढचा ठोका कुठे येणार हे वादन आधीच सांगत होतं. हात हवेत अडकला किंवा ठोका आधीच पडून गेला, तिथे पेन्सिलची खूण करा. लय किती वाकली हे मोजू नका, ऐकणाऱ्याचा हात चुकला की नाही एवढंच बघा. तुमच्या ‘किती’ला माझ्याकडे एवढंच माप आहे आणि ते कुठल्याही टक्केवारीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. घरात कुणी गाणं ऐकणारं असेल तर त्यांना ताल धरायला बसवा, ते तुमच्यापेक्षा निष्ठुर असतात.

रेकॉर्डिंग्जबद्दल. ऐका, पण नक्कल करायला नको. रखमानिनॉफचं १९२७ चं या नॉक्टर्नचं ध्वनिमुद्रण आणि रुबिनस्टाइनचं १९६० च्या दशकातलं पाठोपाठ ऐका, फक्त डाव्या हातावर कान ठेवून. नंतर मिकुलीचा शिष्य राउल कोचाल्स्कीचं शोधून ऐका. तिघांचं स्वातंत्र्य तीन जागी आहे, आणि वरून सैल वाटणाऱ्या वादनाखाली पाया किती घट्ट असतो हे तेव्हा कळतं. वरवरचा ताण उचलायला गेलात तर पाया हाती लागत नाही. माझुर्कांमधली (शोपँच्या पोलिश नाचाच्या तुकड्यांमधली) लचक इथे आणू नका हेही सांगून ठेवतो. पियानोवादक चार्ल्स हॅलेने एकदा शोपँला दाखवून दिलं होतं की तो तीन ठोक्यांची माझुर्का चक्क चार मोजता येतील अशी वाजवतोय. शोपँने आधी नाकारलं, मग हसला आणि म्हणाला हा त्या नाचाचाच स्वभाव आहे. ऑपेराकार मायरबेअरनेही लेन्त्ससमोर असाच मुद्दा काढला, तेव्हा मात्र शोपँ भडकला. ती लचक पोलिश पावलांतून आली आहे, नॉक्टर्न गळ्यातून आलंय.

परीक्षेला हाच तुकडा द्यायचा विचार आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. परीक्षकासमोर दोन्ही प्रकारांपैकी पहिलाच जास्त वापरा. धोका कमी असतो आणि शैलीची जाण लगेच दिसते. पुस्तकात छापलेला मेट्रोनोमचा आकडा शोपँचा आहे की संपादकाचा हे तळटिपेत किंवा प्रस्तावनेत बघून घ्या. संपादकाचा असेल तर ती सूचना समजा. परीक्षा बहुधा खऱ्या पियानोवर होईल. तिथे बेस तुमच्या डिजिटलपेक्षा लांब घुमतो आणि पट्ट्या जड असतात, त्यामुळे आधी एक-दोनदा कुठेतरी ध्वनिक पियानोवर बसून या, निदान पेडलपुरतं तरी. आणि बाईंना पुढच्या वेळी पूर्ण तुकडा ऐकवण्याआधी फक्त डाव्या हाताचे आठ बार ऐकवा. त्यांनी मान डोलावली की मग उजवा हात सुरू करा.